कुणाला विचारलं होतं?

१९४७ च्या जून महिन्यात हैदराबादच्या निजामानं फर्मान काढलं. हिंदुस्थानच्या घटना समितीत आपला माणूस जाणार नाही, पाकिस्तानच्याही नाही. इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र. ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, एक कोटी साठ लाखांवर माणसं, तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कर्नाटकाचे तीन असे सोळा जिल्हे. चहूबाजूंनी हिंदुस्थान, समुद्र कुठंच नाही. एवढ्या मुलखाचं भवितव्य एका माणसानं ठरवलं. आमच्या गावाला त्याची चाहूल लागली ती रुपयाच्या भावावरून.

गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, बार्शीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बार्शी इंग्रजी मुलखात, आम्ही मोगलाईत. निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणायची सवय आमच्याकडच्या जुन्या माणसांची शेवटपर्यंत गेली नाही. माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, त्या वेळी विशीच्या आतबाहेरचे. बार्शीच्या एका अडतीवर दिवाणजींच्या हाताखाली हिशेब लिहीत. मोगलाईत निजामाचा हाली शिक्का चाले, बार्शीत इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार, हे गणित गुराख्याच्या पोरालाही पाठ. आबा सांगायचे, "एका शेतकऱ्यानं हाली रुपया पुढं केला. अडत्यानं तो उलटासुलटा केला, वाजवून बघितला आन् परत दिला. म्हणला, कलदार असंल तर बोल. रुपया खोटा नव्हता. राज्याचाच भरवसा उडाला व्हता."

हद्द म्हणजे काय हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात शिकलो, आबांच्या पिढीनं ती पायाखाली घातली होती. एका गावची वस्ती मोगलाईत आणि शिवार इंग्रजीत असा प्रकार. सोलापूर-बार्शीच्या पट्ट्यात तर निजामाची गावं इंग्रजी मुलखाच्या पोटात आणि इंग्रजांची निजामाच्या. कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे वाटेत हद्द ओलांडायची. डब्यात बसलेल्या माणसाला राज्य बदललेलं कळायचं ते करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई बोचकी उसकटायला चढला की. लगीन, जत्रा, बाजार, बाळंतपण सगळं हद्दीच्या आरपार चालायचं. आमची पणजी बार्शी तालुक्यातली, तिची धाकटी बहीण येडशीकडं दिलेली. पंढरीच्या वारीला जाणाऱ्या दिंड्यांना नाक्यावर कुणी अडवलं तर माळकरी नामाचा गजर वाढवत आणि शिपाईही मग बाजूला होत. अशा मुलखात एक रेघ ओढून 'इथून पुढं दुसरा देश' म्हणणं हे तिथल्या माणसाला समजण्यासारखंच नव्हतं.

तरीही निजामाची बाजू कागदावर लंगडी नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. ब्रिटिश पार्लमेंटनं केलेल्या १९४७ च्या कायद्यानं संस्थानांवरची इंग्रजांची सार्वभौम सत्ता संपली, ती नव्या हिंदुस्थान सरकारकडं आपोआप आली नाही. निजामाचे सल्लागार म्हणत, आम्ही फुटून निघत नाही. आम्ही तुमच्यात कधी नव्हतोच. सर वॉल्टर मंक्टनसारखा नामांकित इंग्रज वकील त्यांच्या बाजूनं बोलत होता. २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्लीनंही त्यांच्याशी 'जैसे थे' करार केला. पुढं हैदराबादनं आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत नेली. एखाद्या राज्यानं देशाबाहेर राहावं की राहू नये, हा प्रश्न केवळ कागदांनी सुटत असता, तर वाद बराच काळ चालला असता.

कागदात एकच गोष्ट नव्हती. त्या दीड कोटींवर माणसांना कुणीच काही विचारलं नव्हतं. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये, ती धड उभी राहायच्या आतच बंदी आली आणि १९४६ पर्यंत ती उठली नाही. १९४६ च्या सुधारणांत विधिमंडळ देऊ केलं, तर त्यात शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास असलेल्या हिंदूंना आणि शेकडा बारा-तेरा असलेल्या मुसलमानांना सारख्याच जागा. शाळेत शिकायचं उर्दूत, कचेरीत अर्ज उर्दूत, आणि घरात मराठी, तेलुगू, कानडी. आबांना उर्दू उत्तम येत असे. म्हातारपणी चष्मा लावून उर्दू वर्तमानपत्राचं जुनं पान ते मोठ्यानं वाचत आणि त्या भाषेवर त्यांचा जीव होता. राग होता तो आपल्या भाषेला कचेरीत जागा नसल्याचा.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिंदुस्थानात सामील होण्यासाठी चळवळ पुकारली आणि त्यांना पकडण्यात आलं. शेकडो तरुण हद्दीपलीकडं गेले. बार्शी, सोलापूर, पंढरपूर, मनमाड, उमरखेड, चांदा इथं कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. करोडगिरीचे नाके जाळायचे, लेव्हीचं धान्य अडवायचं, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरं पेटवायची, असे त्यांचे उद्योग. आबा कॅम्पात नव्हते, पण अडतीच्या गाड्यांतून निरोप न्यायचे. याविषयी ते फार बोलत नसत. कुणी त्यांना स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनचा अर्ज भर म्हणालं तर म्हणायचे, "मी निरोप्या व्हतो. मार खाणारे येगळे."

दुसऱ्या बाजूला लातूरचा वकील कासिम रझवी. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा तो अध्यक्ष झाला आणि रझाकारांचं दल त्यानं गावोगाव उभं केलं. मराठवाड्यात आजही कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, कुठला दुष्काळ सांगायचा तर 'रझाकारीच्या आधी' किंवा 'रझाकारीनंतर' असं सांगतात. खाकी कपडे, भाले, भरमार बंदुका. पाठीशी पोलिसांचा अमीन. वाड्या लुटल्या गेल्या, गावं जाळली गेली, बायकांवर अत्याचार झाले. आणि हे फक्त हिंदूंच्या वाट्याला आलं असं नाही. शोएबुल्ला खान हा 'इमरोज'चा तरुण संपादक. हैदराबादनं हिंदुस्थानात यावं असं तो उर्दूत लिहीत होता. १९४८ च्या ऑगस्टमध्ये रात्री घरी जाताना त्याला गाठून मारलं, लिहिणारा हात तोडला. माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातला तो सगळ्यात एकटा माणूस. ज्यांच्या नावानं राज्य मागितलं जात होतं त्यांच्यातलाच तो एक, आणि त्यालाही विचारण्याची सोय नव्हती. बोलला तर जीव गेला.

आमच्या घरची गोष्ट आत्याआजीकडून ऐकलेली. आबांची ती धाकटी बहीण, तेव्हा अकरा वर्षांची. पावसाळा लागायच्या सुमारास शेजारच्या गावच्या पाटलाला रझाकारांनी चावडीपुढं मारलं, तेव्हा पणजोबांनी बार्शीला निघायचं ठरवलं. जायच्या आधी त्यांनी पेव बंद केलं. पेव हल्लीच्या पोरांनी बघितलेलं नसतं, म्हणून सांगते. अंगणात किंवा वाड्यातच जमिनीत खोल खणलेलं हे धान्याचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत रांजणासारखं पोट. भिंतींना आतून कडब्याचा आणि भुश्श्याचा थर द्यायचा, मग जोंधळा ओतायचा, वरून पुन्हा पाचट, दगडी झाकण आणि माती. दोन-दोन, तीन-तीन वर्षं धान्य टिकतं. मात्र उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही. कोंडलेली हवा माणूस मारते. झाकण काढून बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला नाही तरच माणूस उतरवायचा.

"बापानं झाकणावर माती टाकली, माती चोपली, आईनं वर शेणानं सारवलं," आत्याआजी सांगायची. "मग त्याच्यावर तीन दगडांची चूल मांडली आन् जाळ केला. राख पडली पाहिजे ना. नुसती कोरी चूल बघून कुणाला बी संशय येईल." बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या. चाकं वाजू नयेत म्हणून आसाला भरपूर वंगण घातलं. गाडीत दोन गोधड्या, पितळी घागर, देव्हाऱ्यातले देव. पोरींच्या तोंडाला पणजीनं राख फासली होती. ओढ्याचा रस्ता सोडून माळानं गेले. बार्शीत भगवंताच्या देवळापाशी पोहोचले तेव्हा दिवस वर आला होता, आणि आवारात आधीच आलेल्यांची एवढी गर्दी की चूल मांडायला जागा नव्हती.

पणजोबांची आई मात्र गेली नाही. गोठ्यात व्यायला आलेली गाय होती. "माझं काय नेतेत?" म्हणाली आणि दारात बसली. चार महिने ती एकटी वाड्यात राहिली. त्या चार महिन्यांत आमच्या वाड्याला कुणाचा हात लागला नाही. का लागला नाही, याचं कारण सगळं गाव जाणत होतं. गावचे मुलाणी रोज रात्री आमच्या ओट्यावर येऊन झोपत.

गावात राहिलेले आणखीही होते. ज्यांच्याकडं गाडी-बैल होते ते बार्शीला गेले. महारवाडा, मांगवाडा जागच्या जागी राहिला. तिथल्या एका वयस्क माणसानं मला सांगितलं होतं, "रझाकार म्हणायचे तुम्ही त्यांचे, बार्शीवाले आल्यावर म्हणले तुम्ही ह्यांचे. आमचं आम्हाला कुणी इचारलंच न्हाई." हैदराबादेत बी. एस. व्यंकटराव, श्यामसुंदर यांच्यासारखे दलित पुढारी निजामाच्या बाजूला गेले होते; डॉ. आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून आपल्या माणसांना निजामाच्या मागं जाऊ नका असं बजावलं. तेलंगणात तर आणखीच वेगळी लढाई चालली होती: कम्युनिस्टांच्या पाठबळावर शेतकरी देशमुखांच्या जमिनी घेत होते, आणि ती लढाई निजाम गेल्यावरही १९५१ पर्यंत हिंदुस्थान सरकारशी चालू राहिली. 'हैदराबादच्या जनतेला काय हवं होतं' असं एका वाक्यात कुणी सांगू लागलं की मला ही सगळी माणसं एका ओळीत उभी दिसतात, आणि वाक्य पुरं पडत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा आत शिरल्या. नळदुर्गजवळचा पूल त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला. पाच दिवसांत सगळं आटोपलं. १७ तारखेला निजामानं हत्यार खाली ठेवल्याचं जाहीर केलं, १८ ला त्याचा सेनापती एल इद्रूस रीतसर शरण आला. दिल्लीनं याला पोलीस कारवाई म्हटलं. आमच्याकडं सगळे ॲक्शन म्हणतात. बार्शीत साखर वाटली. आत्याआजी म्हणायची, त्या दिवशी आईनं तोंडं धुतली तेव्हा आम्ही पोरी कितीतरी दिवसांनी एकमेकींना ओळखू आलो.

इथपर्यंतची गोष्ट आमच्या घरात दरवर्षी सतरा सप्टेंबरला सांगितली जायची. मोठ्या आवाजात, लेकरांना पुढं बसवून. पुढची गोष्ट मला आत्याआजीनं मी लग्न होऊन घरातून गेल्यावर सांगितली, माहेरपणाला आलेली असताना, आणि दार लोटून घेऊन.

फौज आमच्या गावात आलीच नाही. मोठ्या सडकेनं पुढं निघून गेली. तिसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं जमा होऊन आली. त्यांच्यात आमच्या गावचीही काही होती. मुलाणी आणि त्यांचे दोन मुलगे यांना ओढ्यावर नेलं. थोरल्यानं काही आठवडे खाकी कपडे घातले होते हे खरं. अमीनानं नावं लिहून नेली होती आणि नाही म्हणायची सोय नव्हती. धाकटा शेरडं राखायचा. तिघांतलं कुणी परत आलं नाही. पणजोबांच्या म्हाताऱ्या आईनं मुलाण्याची बायको आणि दोन पोरी गोठ्यात घेतल्या, दाराला आडवं लाकूड लावलं आणि स्वतः बाहेर येऊन बसली. आबा त्याच दिवशी बार्शीहून गावात पोहोचले होते. ते ओढ्यावर गेले नाहीत. थांबवायला गेले असते तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण हे कळलं तोवर आबा राहिले नव्हते. बाकीचं घर बार्शीहून परतलं ते दिवाळीच्या तोंडावर. पेव उघडलं. कंदील विझला नाही. जोंधळा जसाच्या तसा होता.

हे आमच्या एका गावचं नाही. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना हैदराबादेत पाठवलं. गावोगाव फिरून त्यांनी अहवाल दिला: कारवाईच्या काळात आणि नंतर, अगदी सावध अंदाजानं, २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन. दुसरे दोन गुलबर्गा आणि बीदर. लुटीत काही ठिकाणी सरकारी वर्दीतल्या माणसांचाही हात होता असं त्यांनी लिहिलं, आणि हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याच्या घटनाही नोंदवल्या. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. रझाकारांनी केलेलं खोटं पडेल म्हणून तो झाकला असेल, तर ती भीती निराधार होती. शेजारच्या गावच्या पाटलाचं मरण मुलाण्याच्या मरणानं पुसलं जात नाही, आणि उलटही होत नाही.

आज कुणी मला विचारलं, की एखाद्या राज्याला देशातून बाहेर पडण्याचा हक्क असावा का, तर माझं उत्तर नाही असं आहे. ते उत्तर मला नकाशावरच्या प्रेमातून सुचलेलं नाही. हद्द हलते तेव्हा कुणीतरी नेहमीच चुकीच्या बाजूला उरतं. निजामाच्या स्वतंत्र हैदराबादेत आमचं घर चुकीच्या बाजूला होतं. १८ सप्टेंबरनंतर मुलाण्याचं. राज्य बाहेर पडो की आत येवो, सत्ता बदलण्याच्या त्या चार-सहा आठवड्यांत अमीन नसतो, कोर्ट नसतं, ओढ्याकडं जाणारी वाट मात्र असते. ज्यांनी फर्मान काढलं त्यांना त्याची किंमत द्यावी लागली नाही. निजाम मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर होते. कासिम रझवीला शिक्षा झाली, १९५७ मध्ये तो सुटून पाकिस्तानात गेला. शेरडं राखणारा पोरगा कुठंच जाऊ शकला नाही.

ॲक्शनला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ४ नोव्हेंबर १९४८ ला, डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढं मांडला. भारताचा संघ हा राज्यांनी आपसांत करार करून झालेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला तो सोडून जाता येणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. अमेरिकेला हे ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं, आपण ते आधीच स्पष्ट करू, असा त्यांचा रोख होता. त्या सभागृहात बसलेल्यांच्या कानांत हैदराबाद ताजं असणारच. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण दार बंद करणाऱ्या घरावर एक जबाबदारी येते: आतल्या माणसाला बोलू दिलं पाहिजे आणि त्याचं ऐकलं पाहिजे. स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी करणारे अण्णादुराई १९६२ मध्ये राज्यसभेत उभे राहून ती मांडू शकले. १९६३ च्या घटनादुरुस्तीनं उमेदवारांना देशाच्या अखंडतेची शपथ आली आणि त्यांच्या पक्षानं मागणी सोडली. केवळ शपथेनं ती विरली असं मी मानत नाही. १९६७ मध्ये तोच पक्ष निवडून येऊन मद्रासच्या सत्तेवर बसला, आपल्या भाषेत राज्य करू लागला, म्हणून ती विरली.

विचारण्याची रीत आपल्याकडं नव्हती असंही नाही. जुनागढच्या नवाबानं पाकिस्तानात जायचं ठरवलं होतं. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथं सार्वमत झालं, पाकिस्तानच्या बाजूनं फक्त ९१ मतं पडली. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन परत जाण्याआधी हैदराबादशी जो शेवटचा मसुदा झाला त्यातही सार्वमताची गोष्ट होती. निजामानं तो मान्य केला नाही. आणि १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा कौल तर मराठी माणसाला चांगलाच ठाऊक आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. महाराष्ट्रातल्या किती जणांना तो निकाल झोंबला! आमच्या आबांना झोंबला नाही. "त्यांना इचारलं, त्यांनी सांगितलं. आपल्याला कुठं कुणी इचारलं व्हतं?" एवढंच ते म्हणाले होते. देशाच्या आतली हद्द अशी विचारून हलवता येते, आणि कुणाच्या दाराला आडवं लाकूड लावायची पाळी येत नाही.

माझ्या 'नाही'ला एक जागी तडा जातो, आणि तो मी लपवत नाही. १९७० च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानच्या लोकांना मतपेटीतून विचारलं गेलं. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं तिथल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. सगळ्या पाकिस्तानात त्यांचं बहुमत झालं. उत्तरादाखल मार्चमध्ये ढाक्यात फौज उतरवली. विचारून, उत्तर ऐकून, त्या उत्तरावर गोळ्या घालणाऱ्या देशातच राहा असं कुणाला सांगण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही. बांगलादेश झाला ते योग्यच झालं. पण तोही किती रक्त सांडून आणि किती लाख निर्वासित हिंदुस्थानात ढकलून झाला, हे आठवल्याशिवाय 'हक्क' हा शब्द मी सहज उच्चारू शकत नाही. आणि तिथंही नवी हद्द झाल्यावर उर्दू बोलणारे बिहारी चुकीच्या बाजूला उरलेच. त्यांच्या छावण्या अजून आहेत.

मराठवाडा पुढं १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, बिनशर्त. नागपूर करारातली आश्वासनं, घटनेच्या ३७१ व्या कलमातली वैधानिक मंडळं, अनुशेषाचे अहवाल, पाण्याची भांडणं, हे सगळं आमच्या पिढीनं बघितलं. वेगळ्या मराठवाड्याची भाषा अधूनमधून निघते. ती काढणाऱ्याला कुणी देशद्रोही म्हणत नाही, आणि ते फार चांगलं आहे. घटनेच्या तिसऱ्या कलमात त्याची वाट आहे. रागावून बोलायला जागा असली की माणूस घर सोडायची भाषा सहसा करत नाही, असं मला धाराशिव-लातूरकडच्या गावकऱ्यांच्या गप्पा ऐकताना वाटतं.

आमच्या ग्रामपंचायतीपुढं एक काळा दगड आहे. त्यावर रझाकारीत मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची नावं कोरली आहेत. सतरा सप्टेंबरला झेंडावंदनानंतर ती वाचतात. मुलाणी बाप-लेकांची नावं त्यावर नाहीत. गोठ्यात लपवलेल्या त्या दोन पोरींपैकी धाकटी अजून गावात आहे. सगळे तिला चाची म्हणतात. तिला मी विचारलं, ही नावं त्या दगडावर यावीत असं वाटतं का. ती म्हणाली, "थोरल्याचं बी लिवणार का? त्यानं कपडे घातले व्हते." मी हो म्हटलं. मग तिनं बापाचं पूर्ण नाव सांगितलं, दोन भावांची सांगितली, आणि नातवाला म्हणाली की लिहून दे, नाही तर ह्या चुकीचं लिहितील.

अर्ज चाचीच्या नातवाच्या हातचा आहे, दुसरी सही माझी. ग्रामसभेत त्यावर बरीच बोलाबोली झाली. हुतात्म्यांच्या दगडावर रझाकाराचं नाव कसं, असं काहींनी विचारलं. त्यांच्या घरातली माणसं रझाकारांनीच मारली होती, त्यांना असं विचारायचा हक्क आहे. शेजारच्या त्या पाटलाचा पणतू आमच्या गावात शिक्षक आहे. तो म्हणाला, वेगळा दगड लावा पण लावा, आणि त्यावर तारीख लिहा. सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ठेवला आहे. दगडाचा खर्च किती येईल ते शिक्षकांनी लातूरला विचारून ठेवलंय.